फिनलंडमधले टायगर मॉथ : कोणता कधी उडतो, आणि असं का?

उत्तरवारा

नमस्कार मंडळी,

तांपेरेला राहायला आल्यापासून मला पतंगांचा (उडवायचे नव्हेत, दिव्यावर येणारे कीटक) नाद लागलाय, त्यातही टायगर मॉथचा. अंगाने केसाळ, पुढचे पंख नक्षीदार आणि मागचे लाल, पिवळे किंवा केशरी. बसला की पाचोळ्यात मिसळून जातो, आणि डिवचला की एकदम पंख उघडून भडक रंग दाखवतो. भारताच्या तुलनेत इथे जाती अगदी मोजक्या आहेत, त्यामुळे एकेकीची नीट ओळख होते.

माझ्या वहीतल्या नोंदींवरून आमच्या भागातला क्रम साधारण असा दिसतो. मेच्या मध्यावर बर्च झाडांना पालवी फुटली की मस्लिन मॉथ. याचा नर राखाडी-तपकिरी आणि रात्री उडणारा, मादी पांढरी आणि चक्क दिवसा उडणारी. मेच्या अखेरीस रूबी टायगर. जून लागला की व्हाइट अर्मिन, म्हणजे पांढऱ्या पंखांवर शाईचे थेंब उडाल्यासारखे काळे ठिपके असलेला. जूनमध्येच वूड टायगर सुरू होतो आणि जुलैच्या मध्यापर्यंत दिसतो. त्याच्या मागोमाग दलदलीच्या कडेने आणि माळावर क्लाउडेड बफ. मग मध्ये खंड पडतो, आणि जुलैच्या शेवटी गार्डन टायगर येतो, आर्क्टिया काजा. लिनियसने १७५८ साली नाव दिलेला हा पतंग ऑगस्टमध्ये रात्री दिव्यावर आला की अजूनही माझ्या छातीत धडधडतं.

आता प्रश्न. हे सगळे एकाच उपकुळातले. बहुतेकांच्या अळ्या डँडेलियन, प्लँटेन, डॉक असं मिळेल ते रानटी तण खातात. उन्हाळाही सगळ्यांना एकच आणि तोही तोकडा. मग एक मेमध्ये आणि दुसरा ऑगस्टमध्ये का? फुलपाखरांच्या बाबतीत खाद्यवनस्पती कधी उगवते यावर बरंच ठरतं, पण इथे तो हिशेब लागत नाही.

दुसरा प्रश्न व्यवहाराचा. जूनमध्ये इथे सूर्य रात्री ११ नंतर मावळतो आणि ४ च्या आत उगवतो, मधल्या वेळातही धड काळोख होत नाही. पांढरा पडदा आणि दिवा लावून काही उपयोग होत नाही. जूनमधल्या जाती कशा शोधायच्या?

सुरंगी

वाचनखूण साठवली. फोटो टाका की हो! शाईचे थेंब बघायचेत.

बांधावरचा

धागा आवडला, पण तुमचं कौतुक वाचून आमच्या पोटात गोळा आला :) आमच्याकडे सोयाबीनवर बिहारी केसाळ अळी येते ती याच खानदानातली ना? मादी पानाच्या खाली पुंजक्याने अंडी घालते. बारक्या अळ्या एकाच पानावर गर्दीने बसून हिरवा भाग खरवडतात, पान जाळीसारखं होतं. तेव्हाच ते पान तोडून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकलं तर काम भागतं. एकदा मोठ्या होऊन पांगल्या की शेत हातचं जातं. प्रकाश सापळाही लावतो आम्ही.

तुमच्या तिकडे शेतकरी या सुरवंटांची तक्रार करत नाहीत का?

उत्तरवारा

@बांधावरचा दादा, हो, तुमची केसाळ अळी म्हणजे स्पायलार्क्टिया ऑब्लिका, आमच्या व्हाइट अर्मिनची जवळची नातेवाईक. इथे मात्र यातली एकही जात पिकावर धाड घालत नाही. उन्हाळा इतका छोटा की वर्षाला एकच पिढी, फार तर दक्षिण किनाऱ्याकडे रूबी टायगरची अर्धवट दुसरी. तुमच्याकडे एकामागून एक पिढ्या निघतात, तिथेच सगळा फरक पडतो.

@सुरंगी, फोटो टाकतो, आधी लहान करावे लागतील.

मेघना_ऑटवा

अरे वा, माझ्या आवडीचा विषय! आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये सायकलच्या वाटेवर जिकडे तिकडे काळे-तपकिरी सुरवंट लगबगीने चाललेले असतात. दोन्ही टोकं काळी, मधला पट्टा विटकरी. हा इझाबेला टायगर मॉथचा सुरवंट, इथे सगळे वूली बेअर म्हणतात. पतंग स्वतः फिकट पिवळसर, साधाच, पण सुरवंट इतका प्रसिद्ध आहे की अमेरिकेत ओहायोतल्या व्हर्मिलियन गावी त्याचा उत्सव भरतो.

लोकसमजूत अशी की मधला पट्टा रुंद असेल तर हिवाळा सौम्य जाणार. न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले चार्ल्स करन यांनी १९४८ पासून काही वर्षं बेअर माउंटनला जाऊन पट्टे मोजले आणि वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. खरं तर सुरवंट प्रत्येक वेळी कात टाकतो तसा तपकिरी पट्टा वाढत जातो. म्हणजे पट्ट्यावरून कळलंच तर त्याचं वय कळेल, पुढच्या हिवाळ्याचं काही कळत नाही.

पण मला खरं नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. हा सुरवंट पाचोळ्याखाली अक्षरशः गोठतो. त्याच्या अंगात ग्लिसरॉल तयार होतं, त्यामुळे पेशींच्या बाहेरचं पाणी गोठलं तरी पेशी फुटत नाहीत. वसंतात वितळून उठतो, थोडं खातो, कोष करतो आणि मे-जूनमध्ये पतंग.

काळवीट

ध्रुवाजवळ एक टायगर मॉथ आहे ना, ज्याचा सुरवंट १४ वर्षं जगतो? दरवर्षी गोठतो, दरवर्षी थोडा वाढतो. एका माहितीपटात पाहिलं होतं.

पर्णिका

उशिरा आले, पण विषय माझ्या कामाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

@काळवीट, ती जात गायनेफोरा ग्रोनलँडिका. कॅनडाच्या एल्समियर बेटावर आणि ग्रीनलंडमध्ये असते. तिच्या इंग्रजी नावात वूली बेअर असलं तरी ती टायगर मॉथ नाही, टसॉक मॉथच्या गटातली आहे. १४ वर्षांचा अंदाज जुना, नंतरच्या अभ्यासात तो साधारण ७ वर्षांवर आला. ७ वर्षंही काही कमी नाहीत!

आता उत्तरवारांचा मुख्य प्रश्न. मेघनाताईंच्या प्रतिसादात त्याचं अर्धं उत्तर आलंय. उत्तरेकडे पतंग कधी उडणार हे त्या जातीने हिवाळा कुठल्या अवस्थेत काढला यावर बरंचसं ठरतं. तुमचीच यादी या नजरेने पाहा.

मस्लिन मॉथ आणि व्हाइट अर्मिन हिवाळा कोषात काढतात. खाणं, वाढणं सगळं आदल्या उन्हाळ्यातच उरकलेलं. जमीन पुरेशी तापली की कोष फोडून बाहेर. म्हणून मे आणि जून.

रूबी टायगरची अळी शरद ऋतूतच पूर्ण वाढते आणि तशीच हिवाळा काढते. वसंतात ती जवळजवळ काही खात नाही, ऊन खाते आणि कोष विणते. म्हणून तीही लवकर येते.

वूड टायगर आणि क्लाउडेड बफच्या अळ्या हिवाळ्यात अर्धवट वाढलेल्या असतात. त्यांना वसंतात पुन्हा जेवायला बसावं लागतं, म्हणून त्यांचा नंबर जून-जुलैत.

गार्डन टायगरची अळी हिवाळ्याला सामोरी जाते तेव्हा अगदी लहान असते. बर्फ वितळल्यावर तिला जवळजवळ सगळं खाणं बाकी असतं. मे आणि जून ती नुसती खात सुटते, मग कोष, आणि जुलैच्या शेवटी पतंग. त्या पतंगाने ऑगस्टमध्ये घातलेली अंडी थंडीआधी फुटतात, पण अळीला मोठं व्हायला वेळच उरत नाही. चक्र पुन्हा तिथेच येतं.

लॅपलंडमध्ये आणखी वर गेलं की आर्क्टिया लॅपोनिकासारख्या जातीला एक उन्हाळा पुरत नाही, अळी दोन हिवाळे काढते. त्यामुळे अशा जाती सगळ्या वर्षी सारख्या दिसतीलच असं नाही. एखाद्या उन्हाळ्यात रिकाम्या हाताने परत आलात तर ती संपली असं लगेच समजू नका.

गंपू_नाशिककर

पर्णिकाताई, दंडवत! म्हणजे काहींनी सुट्टीतच अभ्यास उरकलेला, आणि गार्डन टायगर आमच्यासारखा परीक्षा तोंडावर आल्यावर पुस्तक उघडणारा. आजपासून तोच माझा लाडका.

सुरंगी

:D :D

केल्पी

मी इन्व्हर्नेसजवळ असते. गंपूदादांचा लाडका ब्रिटनमध्ये मात्र संकटात आहे. रॉथमस्टेड या संशोधन संस्थेच्या प्रकाश सापळ्यांचं देशभर जाळं आहे, १९६८ पासूनच्या सलग नोंदी आहेत. त्यांत गार्डन टायगरची संख्या पुढच्या साडेतीन दशकांत ८० टक्क्यांहून अधिक घटलेली दिसते. आमच्या शेजारच्या आजी सांगतात की त्यांच्या लहानपणी प्रत्येक मूल बरणीत हे केसाळ सुरवंट पाळायचं. आता उत्तरेकडे आणि किनाऱ्याने अजून बरे आहेत, दक्षिणेत बागाच्या बागा रिकाम्या.

स्कॉटलंडच्या तारखा तुमच्याशी बऱ्याच जुळतात. रूबी टायगर इंग्लंडच्या दक्षिणेत दोनदा येतो, वसंतात एकदा आणि जुलैपासून पुन्हा. आमच्याकडे एकदाच. शिवाय आमचे रूबी टायगर रंगाने गडद असतात, मागच्या पंखावरचा लाल जवळजवळ काळवंडलेला.

अण्णा_पुणे

एक शंका. हवामान तापतंय तर कीटकांना चांगलंच ना? हिवाळा सौम्य म्हणजे अळ्या कमी मरणार. मग गार्डन टायगर कमी का झाला? मला तर हे कीटकनाशकांचं काम वाटतं.

केल्पी

अण्णा, कीटकनाशकं आणि हरवलेले बांध-कुंपणं यांचा वाटा असणारच, पण या जातीच्या बाबतीत अभ्यासकांना संबंध दिसला तो ओलसर हिवाळा आणि उबदार वसंत यांच्याशी. कोरडी कडक थंडी तिला सोसते. ऊबदार ओल आली की बुरशी आणि रोग वाढतात.

अण्णा_पुणे

थंडी सोसते आणि ऊब सोसत नाही हे अजून माझ्या पचनी पडत नाहीये.

पर्णिका

अण्णा, असं बघा. गोठलेली किंवा गारठलेली अळी जवळजवळ काहीच खर्च करत नाही. अंगात साठवलेली चरबी पाच-सहा महिने पुरते. मध्येच चार दिवस ऊब आली की ती जागी होते, हालचाल करते, चरबी जाळते, आणि बाहेर खायला हिरवं पान नसतं. फिनलंडमध्ये जाड बर्फ असला की त्याखाली जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास स्थिर राहतं, वर उणे २५ असलं तरी. बर्फ पातळ झाला की खालची अळी रोज गोठणं-वितळणं सोसते. तिला घातक असते ती ही ये-जा.

नीलफुलारी

मी हेलसिंकीला. गेल्या एप्रिलमध्ये लेकीला उरलेल्या बर्फाच्या कडेला एक सुरवंट चालताना सापडला. अंगावर तांबूस-तपकिरी दाट केस, बोटाच्या पेरापेक्षा थोडा लांब. उन्हाकडे पाठ करून दगडावर बराच वेळ बसला होता. हात लावला की गोल गुंडाळी. हा रूबी टायगर असेल का? लेकीला पुढच्या वेळी घरी आणून वाढवायचाय. हिवाळ्याआधी सापडला तर घरातच ठेवला तर चालेल ना, बिचारा थंडीत मरण्यापेक्षा?

उत्तरवारा

ताई, एप्रिल, बर्फाची कड, ऊन खात बसलेला, म्हणजे रूबी टायगर असण्याचीच शक्यता जास्त. पण शरद ऋतूत सापडलेला घरात आणू नका, ही कळकळीची विनंती. गरम घरात तो भर हिवाळ्यात कोष करून पतंग होईल. बाहेर उणे २०, ना जोडीदार, ना कुठे सोडायला जागा. वाढवायचाच असेल तर एप्रिलमध्ये सापडलेला घ्या. डब्यात कोरडा पाचोळा, झाकणाला बारीक भोकं, डबा बाल्कनीत सावलीला. काही आठवड्यांत पतंग निघेल, तो संध्याकाळी जिथे सापडला तिथेच सोडा.

मेघना_ऑटवा

@उत्तरवारा, माझं मत थोडं वेगळं आहे. आमच्याकडे शाळांमध्ये शरद ऋतूतले वूली बेअर सर्रास ठेवतात, पण डबा बाहेर, भिंतीच्या आडोशाला, पाचोळ्याने भरून. हिवाळाभर मुलं बघत असतात, मग मेमध्ये पतंग निघाला की अख्खा वर्ग नाचतो. थंडी मिळाली तर बिघडत नाही. अडचण फक्त हीटरची.

उत्तरवारा

बाहेर ठेवणार असाल तर माझी काहीच हरकत नाही. फक्त डब्यात पाणी साचू देऊ नका, वर केल्पी यांनी ओलीबद्दल लिहिलंय ते इथेही लागू.

बांधावरचा

अवांतर : पोरीने हात लावला म्हणता, खाज नाही सुटली? आमच्याकडे सुरवंट अंगावरून गेला की गांध्या उठतात. आजी काळ्या घोंगडीने घासायची.

सुरंगी

कोकणातही घोंगडीच! हल्ली मी चिकटपट्टी लावून ओढते, त्याने केस निघून येतात. मग साबणाने धुवायचं. चोळायचं मात्र नाही, चोळलं की केस आत रुततात.

नीलफुलारी

तिला काही झालं नाही, पण आता हातमोजे घालूनच. डब्याची कल्पना आवडली, धन्यवाद!

काळवीट

जूनच्या प्रश्नाला कुणी हात घातलेला नाही. दिवा चालत नाही तर आमिष लावा ना. जुना गूळ, बिअर, पिकलेलं केळं उकळून झाडाच्या खोडाला फासायचं. आम्ही आंबोलीला करतो, पतंगांची झुंबड उडते.

पर्णिका

इतर बऱ्याच पतंगांना चालेल, टायगर मॉथना नाही. गार्डन टायगरची सोंड इतकी खुजी असते की तो प्रौढपणी काही खातच नाही. सगळी शिदोरी अळीपणातली. आठवडा-दोन आठवड्यांचं आयुष्य, त्यात जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची.

जूनसाठी माझा सल्ला : दिवा विसरा, दिवसा फिरा. वूड टायगर आणि क्लाउडेड बफचे नर उन्हात उडतात. माद्या गवतात खाली बसून गंध सोडतात आणि नर त्या मागावर जमिनीलगत वेड्यासारखे भिरभिरत जातात. मस्लिनची मादीही दिवसाच. म्हणजे तुमचा उजेड अडचणीचा नाही, उपयोगाचाच आहे.

हिमपुष्प

मी युवास्कुलाच्या विद्यापीठात शिकते, त्यामुळे वूड टायगरबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. इथे या एका पतंगावर कित्येक वर्षं संशोधन चालू आहे. फिनलंडमध्ये याच्या नराचे मागचे पंख दोन रंगांत येतात, पांढरे किंवा पिवळे. दोन्ही एकाच माळावर, शेजारी-शेजारी. माद्या पिवळसर केशरीपासून लालपर्यंत. कॉकेशसमध्ये तर नरही लाल असतात.

प्रश्न असा की दोन रंग टिकलेत कसे? पक्षी पिवळ्या नराला जास्त टाळतात, म्हणजे पिवळा सुरक्षित. मग पांढरे संपायला हवे होते. पण प्रयोगांत जोडीदार मिळवण्यात पांढरे सरस ठरले.

एकदा प्रयोगशाळेत जवळून पाहिलं. पतंगाची मान हलकेच दाबली की डोक्यामागून दोन बाजूंना पारदर्शक थेंब फुगून येतात, आणि एक उग्र, कच्च्या शेंगेसारखा वास येतो. तो वास पायराझिन या रसायनांचा, आणि ती हा पतंग स्वतःच्या शरीरात बनवतो. मानेजवळचा हा स्राव पक्ष्यांसाठी. मुंग्यांसाठी पोटाच्या टोकाकडून वेगळाच स्राव सोडतो. दोन शत्रू, दोन हत्यारं.

@उत्तरवारा, वूड टायगरच्या शास्त्रीय नावातच प्लँटाजिनिस आहे, आणि प्लँटेन म्हणजे आपल्या इसबगोलाच्या कुळातलं गवताळ झाड. ते जिथे आहे अशी रस्त्याकडेची उघडी जागा बघा, शिवाय विजेच्या तारांखाली झाडं तोडून मोकळा ठेवलेला पट्टा. मला दरवर्षी तिथेच दिसतात. ऊन पडल्यावर साधारण दुपारनंतर जा.

गंपू_नाशिककर

हे सगळं वाचून आपल्याकडचे टायगर मॉथ कुठे शोधू ते सांगा कुणीतरी. हेवा वाटायला लागलाय.

सुरंगी

नाशिकलाच माळावर खुळखुळ्याची झुडपं असतील तिथे बघ. युटेथिसा पुल्केला, पांढऱ्या पंखांवर काळे-लाल ठिपके, गवतातून पाय टाकला की फडफडत दोन हात पुढे जाऊन बसतो. त्याची अळी खुळखुळ्याच्या आणि तागाच्या शेंगांवर असते, तिथलंच विष अंगात साठवते.

केल्पी

तोच पतंग दक्षिणेकडचे उबदार वारे सुटले की कधीमधी ब्रिटनच्या दक्षिण किनाऱ्यावर येऊन पोचतो आणि इथल्या लोकांना सणासारखं होतं. नाशिकच्या माळावर मी तो लहानपणी किती तुडवत गेले असेन.

पर्णिका

गंपू, आपल्याकडे थंडीच्या जागी पाऊस ठेवा, बाकी गणित तेच. राजस्थान-गुजरातकडे कातरा म्हणतात ती अळी कोष होऊन जमिनीत उन्हाळा काढते आणि पहिला चांगला पाऊस झाला की पतंग एकदम बाहेर पडतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात राष्ट्रीय पतंग सप्ताह असतो, तेव्हा गच्चीवर पांढरी चादर आणि दिवा लाव. क्रिएटोनोटस गँगिस आला तर बघत राहशील. नर पोटातून चार लांब केसाळ नळ्या फुगवून बाहेर काढतो आणि गंध पसरवतो.

अण्णा_पुणे

सोशल मीडियावर "परग्रहावरचा प्राणी" म्हणून फिरतो तो व्हिडिओ याचाच का?

पर्णिका

हो, तोच. अळीने विषारी वनस्पती भरपूर खाल्ली असेल तर नळ्या मोठ्या होतात.

उत्तरवारा

मंडळी, मनापासून आभार. पर्णिकाताईंच्या प्रतिसादानंतर वही पुन्हा मांडली. आता प्रत्येक जातीपुढे तारखेच्या आधी "हिवाळा कशात काढला" असा रकाना केलाय. कोष : मस्लिन, व्हाइट अर्मिन. पूर्ण वाढलेली अळी : रूबी. अर्धवट अळी : वूड, क्लाउडेड बफ. बारकी अळी : गार्डन. यापुढे बर्फ कधी पडला आणि कधी वितळला तेही लिहिणार. वसंत उशिरा आला तर कुठल्या गटाला जास्त उशीर होतो ते बघायचंय. माझा अंदाज, खाणं बाकी असलेल्यांना.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी हिमपुष्प यांनी सांगितल्यासारखा तारांखालचा पट्टा तांपेरेच्या बाहेर शोधून दिवसभर फिरणार आहे. इथे कुणाच्याही रानातून पायी फिरायचा हक्क आहे, परवानगीचा प्रश्न नाही. कुणी येणार?

हिमपुष्प

मी येते, आमच्याकडून दोन तासांच्या आत पोचता येतं. जाळी आणते. पकडून, फोटो काढून सोडून द्यायचे, चालेल ना?

उत्तरवारा

चालेल, मीही तेच करतो.

नीलफुलारी

आम्ही दोघीही! लेकीसाठी काय काय घ्यायचं?

हिमपुष्प

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, पट्टा बऱ्याच ठिकाणी दलदलीतून जातो. पूर्ण बाह्यांचा फिकट शर्ट, डासांचं औषध, आणि घरी गेल्यावर गोचीड तपासायची. जेवणाचे डबे सगळ्यांनी आणा, आसपास एकही दुकान नसेल.